स्वर्गातलं वतन आणि वडिलांची साडेचार एकर

प्रवरेकाठची (४ जुलै, रात्री ११:४०)

सगळ्यांना जय ख्रिस्त, नमस्कार.

बरेच दिवस लिहू की नको करत होते. घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडायचं नाहीये. मला पडलेला प्रश्न श्रद्धेचा आहे, आणि तो आमच्या मंडळीत विचारायची सोय नाही, कारण तिथे सगळे एकमेकांचे नातेवाईक.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. पणजोबांच्या काळात घर ख्रिस्ती झालं, अमेरिकन मराठी मिशनकडून. जमीन म्हणजे जुना हाडोळा, महार वतनाची, गावकामापोटी मिळालेली. वतनं रद्द झाली तेव्हा आजोबांनी सरकारात पैसे भरून ती परत नावावर करून घेतली. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहीर खोदून ती बागायत केली. साडेचार एकर. दादा मागच्या पावसाळ्यात गेले. मृत्युपत्र केलेलं नाही. आई आहे, मी थोरली, माझ्या पाठीवर दोन भाऊ.

गेल्या आठवड्यात दादांच्या वर्षाची प्रार्थना झाली. पाहुणे गेल्यावर मधल्या भावाने पवित्र शास्त्र उघडून लूकचा बारावा अध्याय वाचला. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझं वतन वाटून द्यायला माझ्या भावाला सांगा. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? मग तो श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला, जुनी कोठारं पाडून मोठी बांधू म्हणणारा, आणि त्याच रात्री मरणारा. वाचून झाल्यावर भावाने प्रार्थना केली. आमेन म्हटल्यावर पिशवीतून हक्कसोडपत्राचा मसुदा काढला आणि म्हणाला, "अक्का, आपलं वतन वर आहे. मातीसाठी प्रभूला दुखवू नको."

मी सही केली नाही. विचार करते म्हटलं. तेव्हापासून झोप नाही.

मला पैशाची नड नाही. यजमानांची पेन्शन आहे, मुलगा कमावतो. आणि नड नाही म्हणूनच जास्त अडकायला झालंय. नड नसताना मागणं म्हणजेच लोभ का? स्वर्गातलं वतन पक्कं आहे असा ज्याचा विश्वास आहे, त्याने इथलं मागितलं तर त्याचा विश्वास कमी ठरतो का? दादा असते तर त्यांना विचारलं असतं.

वसईची बाय (५ जुलै, सकाळी ७:०५)

अक्का, वाचून पोटात कालवलं.

मी उत्तर वसईची, वाडीवाल्या कॅथलिक घरातली. आमच्याकडे हे सगळं न बोलता ठरलेलं असतं. मुलीला लग्नात सोनं दिलं म्हणजे झालं. मी १९९६ मध्ये सही केली. केळीची वाडी होती, पानवेल होती, बावखल म्हणजे पाण्याचं तळं होतं. त्या काळात हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन चालू होतं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो जमीन आणि पाणी वाचवा म्हणून सांगत होते, आणि मला मनापासून वाटलं की तुकडे पडले तर वाडी जाईल, भावाकडे एकत्र राहिली तर टिकेल. पाच वर्षांत बावखल बुजवलं. आज तिथे इमारत आहे.

पैशाचं दुःख नाही. मला जे खुपतं ते वेगळं आहे. मी जे सोडलं ते देवासाठी सोडलंच नव्हतं. भाऊ बोलायचा बंद होईल, माहेर तुटेल, या भीतीने सोडलं होतं. वर त्याला त्याग असं नाव दिलं. कन्फेशनमध्ये मी हे बोलले आहे.

तुझ्याबाबतीत एकच विचारते. सही करावीशी वाटते ती प्रेमाने की भीतीने?

दशांश (५ जुलै, सकाळी ९:३०)

ताई, मी पुण्यात एका नव्या चर्चमध्ये जातो. आमच्याकडे अगदी उलट शिकवण आहे. देवाची लेकरं म्हणजे राजाची लेकरं, त्यांनी गरीब का राहायचं? अब्राहामाचा आशीर्वाद आपला आहे. आपला वारसा हक्काने मागायचा, तोंडाने कबूल करायचा, दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला द्यायचा, मग आकाशाची दारं उघडतात, मलाखी ३:१०. तुम्ही मागा. न मागणं हाच अविश्वास आहे.

जुना पाळक (५ जुलै, दुपारी २:१५)

भगिनी प्रवरेकाठची, जय ख्रिस्त. चाळीस वर्षं पाळक म्हणून सेवा केली, आता निवृत्त आहे. लूक बारावर मी किती उपदेश दिले असतील याची गणती नाही, आणि त्यातले निम्मे तुमच्या भावाने वाचलं तसेच होते. म्हणून हे उत्तर थोडं माझ्या कबुलीसारखं आहे.

तेरावं आणि चौदावं वचन आपण वाचतो आणि पंधराव्यावर घाईने जातो. मागणारा एकटा होता. पण पंधराव्या वचनात येशू "त्याला" सांगत नाही, "त्यांना" सांगतो: सांभाळा, सर्व प्रकारच्या लोभापासून दूर राहा. अनेकवचन आहे. मागणारा भाऊ ऐकतोय, आणि ज्याच्या ताब्यात मालमत्ता आहे तो भाऊ जवळपास असेल तर तोही ऐकतोय. दाखल्यातला श्रीमंत कोण आहे ते बघा. तो वाटा मागणारा नाही. सगळं आधीच त्याच्या हातात आहे आणि त्याचं सगळं बोलणं "माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव" असं चाललंय. त्या गोष्टीत दुसरा माणूसच नाही. हा दाखला नुसता वाटा मागणाऱ्याच्या तोंडावर मारायचा नसतो.

येशूने वाटणी करून दिली नाही हे खरं. पण वाटणी करू नका असंही तो म्हणाला नाही. वाटणीचा नियम मोशेच्या शास्त्रात होता, थोरल्याला दुप्पट वाटा, अनुवाद २१:१७, आणि त्यासाठी पंच होते. तो न्यायाधीशाचं काम न्यायाधीशाकडे ठेवतो आणि मनाचं काम स्वतःकडे घेतो. दोन्ही कामं एका प्रार्थनेत उरकायची नसतात.

आणि मार्क ७ वाचा. काही लोक आईबापांना म्हणत, तुम्हाला माझ्याकडून जे मिळालं असतं ते कुर्बान आहे, म्हणजे देवाला अर्पण आहे. देवाचं नाव घ्यायचं आणि घरच्या माणसाचं देणं टाळायचं. येशू ज्या मोजक्या गोष्टींवर कडक बोलला त्यातली ही एक. तुमच्या भावाच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, मी त्याचा न्याय करत नाही. पण मसुदा पिशवीत ठेवून प्रार्थना करू नये, एवढं त्याला माझ्या वतीने सांगा.

दशांश यांना: बाळा, १ तीमथ्य ६:५ मध्ये पौल अशा लोकांबद्दल लिहितो ज्यांना भक्ती हे कमाईचं साधन वाटतं. त्याच अध्यायात पुढे द्रव्यलोभ हे सगळ्या वाईटाचं मूळ हे सुप्रसिद्ध वचन आहे. अब्राहामाचा वारसा पौल गलतीकरांस सांगतो तो आत्म्याच्या अभिवचनाचा. त्यात फ्लॅट आणि गाडी घालायला जागा नाही.

दशांश (५ जुलै, दुपारी ३:५०)

काका, मान्य करायला जड जातंय. दोन वर्षांपूर्वी नोकरी गेली होती तेव्हा मी कर्ज काढून दशांश भरत होतो, कारण थांबलो तर आशीर्वाद थांबेल असं सांगितलं होतं. घरी अजून सांगितलेलं नाही. इथेच वाचत राहतो.

शब्दवेडा (५ जुलै, रात्री ८:२०)

नगरचाच आहे, मराठी शिकवून निवृत्त झालो. मला या धाग्यात "वतन" या शब्दाने धरून ठेवलंय.

हिंदी-उर्दूत वतन म्हणजे मायदेश. मराठीत तसं नाही. आपल्याकडे वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्णीपण, जोशीपण, महारकी. पिढीजात काम, आणि त्या कामापोटी जमीन किंवा बलुतं. आपल्या मराठी बायबलमध्ये हाच शब्द ठायी ठायी आहे. श्रीमंत तरुण येशूला विचारतो ते सार्वकालिक जीवन हे "वतन" मिळावं म्हणून. सौम्य लोकांना मिळतं ते पृथ्वीचं "वतन". पेत्र लिहितो ते अविनाशी, निर्मळ, अक्षय "वतन", स्वर्गात राखून ठेवलेलं.

मूळ ग्रीक शब्द क्लेरोनोमिया. त्यातला क्लेरोस म्हणजे चिठ्ठी. कनान देशाची जमीन यहोशवाने चिठ्ठ्या टाकून वंशावंशाला वाटली, तिथपासूनची ही कल्पना. म्हणजे वारसा हा कमावलेला नाही, बळकावलेला नाही, वाट्याला आलेला. आणि तरी पूर्ण मालकीचा नाही. लेवीय २५:२३ मध्ये देव सरळ म्हणतो, जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे आहात. पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षात, विकलेली जमीन मूळ घराकडे परत. लेवी वंशाला तर जमीनच दिली नाही. त्यांचं वतन मी, असं देव म्हणाला. भाषांतरकारांनी वतन शब्द निवडला तेव्हा त्यांच्यासमोर राजाने दिलेली, पिढ्यानपिढ्या चालणारी, सेवेशी बांधलेली जमीन होती. शब्द खूप जवळचा बसला.

पण ज्यांच्या गळ्यात महारकी होती त्यांनी हा शब्द कसा ऐकला असेल? महार वतन म्हणजे गावाची आणि सरकारची रात्रंदिवस राबणूक, निरोप पोचवणं, ओझी वाहणं, मेलेली गुरं ओढणं, आणि बदल्यात तो हाडोळा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठीच. आमच्या घरी एक आठवण सांगतात. माझ्या आजीने बाप्तिस्म्याआधीच्या शिकवणीत पाळकांना विचारलं, "स्वर्गात वतन हाय म्हणता, मंग तिथं बी वेठ हाय का?" पाळक गप्प राहिले आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी तिला गलतीकरांस पत्र वाचून दाखवलं. तू आता दास नाहीस, लेकरू आहेस, आणि लेकरू आहेस म्हणून वारस आहेस. आजी म्हणायची, त्या दिवशी मी ख्रिस्ती झाले, पाण्यात नंतर गेले.

अक्का, ज्या घराला जमीन वेठीपायी मिळाली आणि लेकरूपण देवाकडून मिळालं, त्या घरात लेकीला "तुझं वर आहे" म्हणून उठवणं मला सहन होत नाही. नाबोथाने आपला द्राक्षमळा अहाब राजालासुद्धा दिला नाही. पूर्वजांचं वतन मी देऊ का, म्हणाला. त्याला शास्त्र लोभी म्हणत नाही.

थोरला वाटेकरी (६ जुलै, सकाळी ६:४५)

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितोय. मी भाऊ आहे, आणि जमीन कसणारा आहे.

बहिणी पुण्या-मुंबईत. वडिलांना पक्षाघात झाला, साडेतीन वर्षं अंथरुणावर. त्यांची कूस बदलली ती मी आणि माझ्या बायकोने. विहिरीचं कर्ज माझ्या नावावर. कांद्याला भाव मिळाला नाही तेव्हा मी एकटा रडलो. आता वारसनोंदीत तिघांची नावं सारखी. कायदा सेवेचे तास मोजत नाही. प्रवरेकाठची यांचे भाऊ वाईटच असतील असं धरून चालू नका. शास्त्र पुढे करणं चूक, पण त्याच्या मागे काय साचलंय ते त्याला बोलता येत नसेल.

आणि सलाफहादच्या मुलींची, म्हणजे भाऊ नसल्याने बापाचा वाटा मागणाऱ्या पाच बहिणींची, गोष्ट इथे येणारच, म्हणून आधीच सांगतो: गणना २७ वाचाल तर ३६ पण वाचा. त्यांना वाटा मिळाला, पण लग्न आपल्याच वंशात करायची अट पडली, जमीन बाहेर जाऊ नये म्हणून. त्या काळातही हाच प्रश्न होता.

वसईची बाय (६ जुलै, सकाळी ८:१०)

थोरलेदादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या भावाने हे एवढं जरी मला सांगितलं असतं ना!

गणना ३६ आहे हे खरं. पण २७ मध्ये त्या पाच जणी, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, सगळ्या मंडळीसमोर तंबूच्या दाराशी उभ्या राहून मागतात. मोशे स्वतः निकाल देत नाही, देवाला विचारतो. आणि देव म्हणतो, त्या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. मागणं हे पाप असतं तर तिथेच ठरलं असतं. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी तर अट पण नाही. त्याने मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं, एवढंच आहे.

कागदपत्र (६ जुलै, दुपारी १२:३०)

दिवाणी कोर्टात वकिली करतो. अक्कांनी शास्त्र विचारलंय, पण काही गोष्टी माहीत नसताना घेतलेला निर्णय त्यागाचाही नसतो आणि हक्काचाही नसतो, म्हणून लिहितो.

ख्रिस्ती कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागत नाही. १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात जन्मतः मुलाचा हक्क, एकत्र कुटुंबाची मालमत्ता, वगैरे नाही. बाप जिवंत असेपर्यंत सगळं बापाचं. मृत्युपत्र न करता गेला तर एक तृतीयांश विधवेला, उरलेलं मुलांत समान, मुलगा-मुलगी भेद नाही. आपल्याकडे हे जुनंच आहे. त्रावणकोरच्या ख्रिस्ती लेकींना मात्र १९१६ च्या तिथल्या कायद्याने मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, जे कमी ते, एवढंच मिळायचं. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये तिथेही १९२५ चाच कायदा लागू ठरला.

तुमचा हिशोब: साडेचार एकर म्हणजे १८० गुंठे. आईचे ६०. उरलेले १२० तिघांत, प्रत्येकी ४०. तुमचा वाटा बरोबर एक एकर.

आता दोन दिवसांच्या चर्चेत मला एक गोष्ट कुठेच दिसली नाही. सगळ्यात मोठा वाटा आईचा आहे. आईला कोणी विचारलंय का?

हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, आणि एकदा केलं की सहज मागे घेता येत नाही. वारसनोंद वेगळी, त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज, सगळ्या वारसांची नावं, नोटीस, पंधरा दिवस हरकतीला, मग फेरफार मंजूर. नाव लावलं म्हणून उद्या वाटणी करावीच लागते असं नाही. भाऊ कसत राहू शकतो. आणि जमीन जुन्या वतनाची, म्हणजे कनिष्ठ गाववतनं रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्याखाली परत मिळालेली असेल, तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ आणि नवीन शर्त असेल. वारस लावायला अडचण नाही. विकायला आधी परवानगी लागते, वाटप करायचं तरी आधी तहसीलदारांकडे विचारून घ्या.

एक आठवण. १८५० च्या आधी धर्म बदलला की बापाच्या मालमत्तेवरचा हक्क जाण्याची भीती होती. त्या वर्षीच्या २१ व्या कायद्याने ती काढली. तेव्हाच्या ख्रिस्ती झालेल्यांना तुमचं वतन वर आहे, इथलं कशाला मागता, असं म्हणणारे होतेच. पण ते बाहेरचे होते.

मांडवीपार (६ जुलै, सायंकाळी ५:००)

गोव्याहून. आमच्याकडे १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता चालत आली आणि आता २०१२ चा गोव्याचा स्वतःचा वारसा कायदा आहे. धर्म कुठलाही असो, अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीव, बापाला मृत्युपत्राने ती काढून घेता येत नाही. तरी लेकी इथेही सह्या करतात. माझ्या मावशीने केली. कागद पक्का असला म्हणून घरातलं बोलणं बदलत नाही, एवढं सांगावंसं वाटलं.

इंद्रायणी (६ जुलै, रात्री १०:१५)

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, देहूजवळचा. या धाग्यावर लिहावं की नाही असं वाटत होतं.

तुकोबांच्या चरित्रात वाटणीचा एक प्रसंग महिपतींनी सांगितलाय. सावकारीची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, होती, लोकांकडून येणं होतं. तुकोबांना ती सगळी नदीत सोडायची होती. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही साधू झालात, मला संसार आहे. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबाचा वाटा त्याच्या हातात दिला आणि फक्त आपला अर्धा इंद्रायणीत बुडवला.

लहानपणापासून ही गोष्ट ऐकतोय. लक्ष नेहमी बुडवण्याकडे जायचं. अक्कांचा प्रश्न वाचून पहिल्यांदा वाटणीकडे गेलं. कान्होबाला त्यांनी हरिनामाचं महत्त्व सांगून गप्प केलं नाही.

जुना पाळक (७ जुलै, सकाळी ११:००)

इंद्रायणी, तुमचे आभार. आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक असते तर त्यांनी हा प्रसंग कीर्तनात घेतला असता. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनचं वेतन सोडलं ते स्वतःचं सोडलं.

आमच्या परंपरेतली अशीच गोष्ट अंतोनीची. मिसर देश, तिसरं शतक. आईबाप गेले, वीस वर्षांच्या आसपासचा मुलगा, एक लहान बहीण, वारशाने आलेली सुमारे दोनशे एकर उत्तम जमीन. चर्चमध्ये येशूने श्रीमंत तरुणाला सांगितलेलं, असेल ते विकून गरिबांना दे, हे वचन ऐकलं आणि जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, सामान विकून गरिबांना वाटलं. बहिणीसाठी थोडं ठेवलं. नंतर तेही वाटलं आणि बहिणीला विश्वासू कुमारिकांच्या स्वाधीन करून स्वतः एकांतात गेला. संन्यासी जीवनाची सुरुवात आम्ही तिथून मोजतो.

वसईची बाय (७ जुलै, सकाळी ११:२५)

संत अंतोनीचा सण दरवर्षी येतो, ही गोष्ट मी कितीदा ऐकलीय. पाळककाका, त्या बहिणीला विचारलं होतं का?

जुना पाळक (७ जुलै, दुपारी १:४०)

चरित्रात तसं कुठे लिहिलेलं नाही. तुमचा प्रश्न वाचून मी तासभर बसून होतो. इतकी वर्षं तो मला पडला नाही. पुढे ती स्वतः कुमारिकांची पुढारी झाली असं येतं, म्हणजे तिचंही देवाशी नातं होतं. पण तिच्या तोंडचं एक वाक्य नाही.

याच्या समोर ऑगस्तीन ठेवतो. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप, पाचवं शतक. त्याच्या मठातला एक याजक, गरिबीचं व्रत घेतलेला, मरताना चर्चच्या नावे मृत्युपत्र करून गेला. त्याला मुलगा आणि मुलगी होती. ऑगस्तीनने ती देणगी नाकारली आणि लोकांसमोर उपदेशात कारण सांगितलं: मुलाचा वारसा काढून ज्याला चर्चला वारस करायचंय त्याने घेणारा दुसरा शोधावा, ऑगस्तीन घेणार नाही, आणि देवाची इच्छा असेल तर कोणीच घेणार नाही. कार्थेजचा बिशप ऑरेलियस याचीही गोष्ट त्याने तिथेच सांगितली. एका निपुत्रिक माणसाने सगळं चर्चला लिहून दिलं. पुढे त्याला मुलं झाली. त्याने मागितलेलं नसताना ऑरेलियसने सगळं परत केलं.

मग दानाचं काय? ऑगस्तीन सांगायचा, दोन मुलं असतील तर ख्रिस्ताला तिसरं समज, त्याच्यासाठी एक वाटा ठेव. वाटा. बाकीच्यांना उठवून नाही.

कागदपत्र (७ जुलै, दुपारी ४:०५)

पाळककाका, यावर आपल्याकडे कायदाही होता. १९२५ च्या कायद्याचं कलम ११८: जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मादाय मृत्युपत्र केलं तर ते मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं आणि सहा महिन्यांत जमा केलेलं हवं. मरणाच्या खाटेवर पारलौकिक भीती दाखवून कोणी लिहून घेऊ नये म्हणून. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, केरळच्या एका धर्मगुरूंच्याच याचिकेवर, कारण बंधन फक्त ख्रिस्ती लोकांवर होतं. निकाल योग्यच होता. पण ज्या भीतीपोटी ते कलम आलं ती भीती या धाग्यात आहे.

प्रवरेकाठची (७ जुलै, रात्री ११:१०)

सगळ्यांचं वाचतेय. तीनदा उत्तर लिहून पुसलं.

वसईच्या बायने विचारलं, प्रेमाने की भीतीने. भीतीने. लिहिताना हात थरथरला पण खरं तेच आहे.

थोरला वाटेकरी, तुमची पोस्ट मला सगळ्यात जास्त भिडली. दादांच्या शेवटच्या आजारपणात धाकट्याने खूप केलं. मी महिन्यातून एकदा जायचे, फळं घेऊन. त्याचं देणं माझ्यावर आहे.

आणि कागदपत्र, आईला आम्ही कोणीच विचारलं नाही. भावांनी नाही, मीही नाही. प्रार्थनेच्या वेळी ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. शनिवारी गावाला जाते.

थोरला वाटेकरी (८ जुलै, सकाळी ६:३०)

जाऊन या. धाकट्याला आधी भेटा. विहिरीवर घेऊन जा, घरात बोलू नका.

प्रवरेकाठची (१६ जुलै, रात्री ९:५०)

उशीर झाला, माफ करा.

विहिरीवरच बसलो. मी आधी धाकट्याला म्हटलं, दादांचं तू केलंस, मी केलं नाही, ते मला माहीत आहे. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, दादांनी मरायच्या आधी त्याला सांगितलं होतं, जमीन फुटू देऊ नको. ते त्याच्या मनावर होतं. लूकचा बारावा अध्याय मधल्या भावाने सुचवला होता. धाकट्याला मसुदा पिशवीत आहे हे माहीत होतं, आणि त्याला प्रार्थनेत डोळे मिटता आले नाहीत, असं तोच म्हणाला.

मी पाळककाकांचं ते पंधरावं वचन वाचून दाखवलं. त्याला, आणि संध्याकाळी मधल्यालाही. "त्यांना" वर बोट ठेवून. मधला चिडला. म्हणाला, इंटरनेटवरच्या लोकांकडून शास्त्र शिकायला लागलीस. मग उठून गेला. तो अजून नीट बोलत नाही. रविवारी उपासनेत मागच्या बाकावर बसला.

आईशी रात्री बोलले. तिला साठ गुंठे तिचे आहेत हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. ती म्हणाली, तुझ्या बापाने विहीर खणली तेव्हा दगड मी वाहिले, तू पोटात होतीस. मग थोडं थांबून म्हणाली, विहिरीकडचा तुकडा मी आहे तोवर माझा राहू दे, कसू दे धाकट्याला, पण माझ्या नावावर. आणि तुझं नाव लाव. पुढे तुला द्यायचं तर दे, तुझ्या हाताने दे. माझ्यासमोर दे.

तर हक्कसोडपत्रावर सही केलेली नाही. चौघांची नावं लावायचा अर्ज सोमवारी तलाठ्याकडे दिला. मधल्याने आदल्या रात्री सही करून कागद उंबऱ्यावर ठेवला होता, बोलला काही नाही. जमीन धाकटाच कसणार. माझ्या एकराचं मी काय करणार ते मला अजून ठरवायचं आहे. त्यातलं काही धाकट्याला जाईल असं आज वाटतंय, काही वर्षांचं उत्पन्न तरी. सातबाऱ्यावर खरंच वर्ग २ आहे.

नोटिशीची मुदत महिनाअखेरीस संपते. आई म्हणाली, नवा उतारा निघाला की मला आणून दे, पवित्र शास्त्रात ठेवीन, दादांचा बाप्तिस्म्याचा दाखला ठेवलाय तिथेच.

वसईची बाय (१६ जुलै, रात्री १०:०५)

उतारा आला की कळव गं. मी वाट बघते.

दशांश (१७ जुलै, सकाळी ८:००)

मीही काल रात्री घरी सांगितलं, कर्जाचं.